आधी ताकद जाते

बोटभर लांबीची, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची एक पांढरी पट्टी होती ती. पॉलिडायॉक्सेनोन नावाच्या पॉलिमरच्या अतिसूक्ष्म तंतूंची. ३७ अंशांवर ठेवलेल्या इनक्युबेटरमध्ये, खारट बफरच्या द्रावणात, तशाच मापाच्या इतर पट्ट्यांबरोबर ती कित्येक आठवडे बुडून होती. ठरलेली मुदत आली की त्यातल्या काही बाहेर काढायच्या, धुवायच्या, पूर्ण सुकवायच्या, वजन करायचं, फोटो काढायचे आणि मग यंत्रात धरून ओढून बघायच्या, हा आमचा शिरस्ता. त्या दिवशी पट्टी तराजूवर ठेवली, तर आकडा पहिल्या दिवसाच्या आकड्याला जवळजवळ चिकटून. रंग तोच, कडा तशाच रेखीव. मायक्रोस्कोपखालीही तंतू एकमेकांत गुंतलेले, सलग दिसत होते. मग तिला यंत्राच्या जबड्यात बसवावं म्हणून चिमट्याने एका टोकाला धरून उचललं, आणि ती मधोमध तुटली. ओढली नव्हती, वाकवली नव्हती, नुसती उचलली होती. टेबलावर बारीक पांढरी पूड पडली. शेजारच्या बाटलीत न विरघळणाऱ्या पॉलिएस्टरची पट्टी होती, तेवढेच आठवडे भिजलेली. तिला यंत्राने खेचलं तेव्हा ती पहिल्या दिवसाइतकीच ताणली गेली आणि पहिल्या दिवसाइतक्याच ओढीला तुटली.

यात नवल काहीच नव्हतं. विरघळणारं पॉलिमर असंच खचतं, हे या कामात आलेल्या माणसाला लवकरच कळतं. पाणी आत शिरतं आणि रेणूंच्या लांबलचक साखळ्या कुठेतरी मधेच तुटू लागतात. तुटलेले तुकडे सुरुवातीला बरेच मोठे असतात, पाण्यात सुटून बाहेर पडत नाहीत, म्हणून वजन घटत नाही. धाग्याची ताकद मात्र या साखळ्यांच्या लांबीवरच उभी असते. ती आधी जाते. पॉलिडायॉक्सेनोनचे टाके सर्जन रोज घालतात. सहा आठवड्यांत त्यांची ताकद बहुतेक ओसरलेली असते, आणि टाका शरीरातून पुरता नाहीसा व्हायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात. मधल्या सगळ्या काळात धागा जागेवर असतो, पण कामाचा नसतो. हे सगळं माहीत असूनही ती पट्टी माझ्या डोक्यातून जाईना. कारण असलं कापड पुढे जाणार होतं श्वासनलिकेत. तिथे कोणी चिमट्याने उचलून बघणार नाही. घशातून दुर्बीण आत घालणाऱ्या डॉक्टरला ते जागच्या जागी, सलग, पांढरंस्वच्छ दिसेल.

आणि त्याच वेळी त्याने काहीही सावरून धरलेलं नसेल.

श्वासनलिका म्हणजे गळ्यापासून फुप्फुसांपर्यंत गेलेली एक नळी, एवढंच चित्र आपल्या मनात असतं. माणसाच्या शरीरात इतकी अस्वस्थ नळी दुसरी नसेल. मोठ्या माणसात ती १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. तिला १६ ते २० कूर्चेची कडी असतात, आणि ही कडी पूर्ण गोल नसतात, मागच्या बाजूला उघडी असतात. ती उघडी बाजू मऊ स्नायूने शिवलेली असते. श्वास आत घेताना कडी नळीला मिटू देत नाहीत. खोकताना मागची मऊ भिंत आत दबते, वाट अरुंद होते आणि हवा वेगाने बाहेर फेकली जाते. घास गिळला की सगळी नळी वर उचलली जाते, मान वळवली की पिळली जाते. दिवसाला सुमारे २० हजार श्वास. वर्षाचे ७० लाखांवर. या नळीत काहीही बसवायचं तर ते कडक हवं, नाहीतर वाट मिटेल. आणि लवचीक हवं, नाहीतर भिंतीला घासून घासून जखम करेल. तान्ह्या बाळाचं प्रकरण तर आणखी नाजूक. त्याची श्वासनलिका चारेक सेंटिमीटर लांब आणि चार-पाच मिलिमीटर रुंद. नळीची त्रिज्या घटली की संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे चार मिलिमीटरच्या वाटेत सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली, वाट निम्म्यावर आली, तर अडथळा दुप्पट होत नाही, १६ पट होतो. एक मिलिमीटर म्हणजे आमच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवल्या तर होणारी जाडी. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हापासून जाडी मोजायच्या गेजकडे माझी बघण्याची नजरच बदलली.

रोगट भाग लहान असेल तर सर्जन तो कापून काढतात आणि दोन टोकं जोडून टाकतात. मोठ्या माणसात जास्तीत जास्त निम्मी लांबी, मुलांत एक तृतीयांश, त्यापलीकडे टोकं एकमेकांना पोचत नाहीत. आणि ज्यांचं कूर्चेचं कडंच मऊ आहे, श्वास सोडताना ज्यांची नळी आपोआप मिटते, त्यांच्यासाठी कापण्याला अर्थच नसतो. त्यांना आधार हवा असतो. असा आधार द्यायची पहिली कल्पना कायमचीच असणार, ते साहजिक आहे. १९६५ मध्ये अमेरिकन सर्जन मॉन्टगोमेरींची टी आकाराची नळी आली, १९९० मध्ये फ्रान्समधल्या द्युमाँ यांनी सिलिकॉनचा बाहेरून गुटगुटीत बटणं असलेला स्टेंट आणला; हे दोन्ही आजही वापरात आहेत. सिलिकॉनची चांगली गोष्ट ही की ते नको झालं तर काढता येतं. पुढे जाळीदार धातूचे, आपोआप उमलणारे स्टेंट आले. बसवायला सोपे, बसवल्याक्षणी रुग्णाचा श्वास मोकळा. ते सुख ज्याने पाहिलं त्याला ते वापरण्याचा मोह का झाला असेल हे मला समजतं. पण जाळीच्या भोकांतून मांस वाढलं, जाळी भिंतीत रुतली, धातूच्या तारा वर्षानुवर्षं वाकून वाकून तुटल्या, आणि काढायला जावं तर भिंत सोबत फाटू लागली. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना सूचना काढली की, कर्करोग नसलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत धातूचा स्टेंट घालण्याआधी बाकीचे सगळे उपाय करून पाहा. कर्करोगाच्या रुग्णाकडे कदाचित काही महिने असतात. विशी-तिशीतल्या, व्हेंटिलेटरच्या नळीने नलिका आक्रसलेल्या माणसाकडे चाळीस-पन्नास वर्षं असतात. कायमचं या शब्दाचं माप या दोघांसाठी एक नाही.

शरीर परक्या वस्तूशी कसं वागतं हे मला आता स्लाइडवर पाहून पाठ झालंय. पहिल्या काही सेकंदांत रक्तातली प्रथिनं तिच्यावर चिकटतात. मग पेशी येतात, तिला चाटून-चाचपून बघतात. गिळता आली तर गिळतात. नाही आली तर चार-चार, दहा-दहा पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी पेशी बनते आणि त्या वस्तूला बिलगून बसते. तेही जमलं नाही की शेवटी तिच्याभोवती तंतूंची भिंत बांधली जाते. मांडीच्या स्नायूत असली भिंत खपून जाते. श्वासनलिकेत ती भिंत म्हणजे पुन्हा अरुंद झालेली वाट. त्यातून श्वासनलिका आतून निर्जंतुक कधीच नसते, प्रत्येक श्वासाबरोबर बाहेरचं जग आत येतं. रक्तवाहिनीसाठी पॉलिएस्टरचं कापड १९५० च्या दशकापासून वापरात आहे आणि त्याने असंख्य माणसं जगवली आहेत. तेच कापड हवेच्या वाटेत गेलं की त्याच्या प्रत्येक धाग्यामागे जंतूंना घर मिळतं. म्हणून रक्तवाहिनीत चाललं, इथेही चालेल, हे वाक्य कोणी बैठकीत उच्चारलं की मी अस्वस्थ होते.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ताकदीची नाही, अस्तराची आहे. श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर सहा-सात मायक्रॉन लांबीचे केस असतात, सिलिया. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि त्यांच्यावरचा कफाचा पातळ थर, त्यात अडकलेल्या धुळीसकट, मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने वर घशाकडे सरकवत राहतात. आपण झोपेत असलो तरी. आमच्याकडे वाढवलेल्या पेशींचा एक थर मी मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा हलताना पाहिला, तेव्हा सगळा पृष्ठभाग झळझळत होता. त्यावर टाकलेले रंगीत कण न थांबता एकाच दिशेने निघाले होते. बराच वेळ मी तिथून उठलेच नाही. आता या वाटेत चार सेंटिमीटरची गुळगुळीत सिलिकॉनची नळी घाला. तिच्यावर सिलिया नाहीत. कफ खालून येतो, तिच्या तोंडाशी थांबतो, साठतो, सुकतो, घट्ट होतो. रुग्ण खोकून खोकून थकतो. नळी मजबूत आहे, जागेवर आहे, तिची सगळी प्रमाणपत्रं व्यवस्थित आहेत आणि माणसाचा श्वास त्याच नळीच्या तोंडाशी साठलेल्या कफाने अडतो आहे.

तंतूंचा विचार इथून सुरू होतो. गुळगुळीत भिंतीऐवजी तंतूंचं विणलेलं अस्तर दिलं तर पेशी त्याला धरून पुढे सरकतील, खाली रक्तवाहिन्या शिरतील, आणि कधीतरी आतून खरं अस्तर तयार होईल. हे तंतू कातण्याची रीत मला आजही मोहवते. पॉलिमर एका द्रावकात विरघळवायचं, सुईतून अगदी हळू ढकलायचं आणि सुईला १५-२० हजार व्होल्टचा दाब द्यायचा. सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जातो, शंकूसारखा टोकदार होतो, आणि त्या टोकातून एक धार सुटते. सुटल्यावर ती हवेतच वेडीवाकडी गरगरते, द्रावक उडून जातो आणि फिरत्या दांड्यावर येऊन बसतो तो तंतू, मायक्रॉनभर जाडीचा किंवा त्याहून बारीक. केस याच्या पन्नास पटींनी जाड असतो. हे सगळं डोळ्यांना दिसत नाही. दिसतो फक्त दांड्यावर हळूहळू चढणारा दुधी पांढरा थर. हवेत दमटपणा वाढला की तंतूंमध्ये गाठी पडतात, धार मधेच तुटते, आणि काम थांबवून सुई पुसावी लागते. द्रावकाचा वास नाकाच्या शेंड्यावर टोचणारा, म्हणून सगळं काम काचेआड. शेवटी दांड्यावरून नळी सोडवायची. हातमोज्यातल्या बोटांनी किंचित पिळ देत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. जोर जास्त झाला तर थर सुटे होतात, कमी पडला तर नळी हलतच नाही. सुटते तेव्हा हातात काही आहे असं वाटतही नाही, इतकी हलकी.

आणि हलकेपणाबरोबर अडचणीही येतात. तंतू बारीक केले तर पेशींना ते आवडतात, पण मधली भोकं इतकी लहान होतात की पेशी वरवरच राहतात, आत शिरत नाहीत. भोकं मोठी केली तर रक्तवाहिन्या आत येतात, पण सुरुवातीच्या दिवसांत हवा बाहेर झिरपते, आणि छातीच्या पोकळीत झिरपलेली हवा हा जिवाशी खेळ असतो. टाका घालायचा तर काठ घट्ट हवा. वाकायचं तर मधला भाग ढिला हवा. एकच कापड, आणि त्याच्याकडून परस्परांच्या विरुद्ध चार मागण्या.

या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही सर्जन पाओलो माक्यारिनींचं नाव टाळून पुढे जाता येत नाही. २०११ मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात त्यांनी प्लास्टिकची श्वासनलिका, रुग्णाच्या मूळपेशी लावून, एका माणसाला बसवली. त्याच वर्षी दुसऱ्या रुग्णाला बसवलेली नळी कातलेल्या तंतूंचीच होती, आमच्या त्या दुसऱ्या बाटलीतल्या पॉलिएस्टरच्या जातीची. जगभर बातम्या झाल्या. पहिला रुग्ण २०१४ च्या जानेवारीत गेला, दुसरा त्याआधीच, २०१२ मध्ये. पेशींनी त्या प्लास्टिकवर अस्तर धरलंच नव्हतं. त्यांच्याच संस्थेतल्या डॉक्टरांनी कागदपत्रं तपासून तक्रार केली, तर सुरुवातीला त्या डॉक्टरांनाच त्रास झाला. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने पहिल्या शस्त्रक्रियेवरचा त्यांचा निबंध मागे घेतला, २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने माक्यारिनींना अडीच वर्षांची शिक्षा दिली. मला राग येतो तो त्या एका गोष्टीचा: माणसात घालण्याआधी ते मोठ्या प्राण्यांत नीट तपासलेलं नव्हतं. कंटाळवाण्या, महिनोन्महिने चालणाऱ्या, वर्तमानपत्रात कधीच न येणाऱ्या चाचण्या वगळल्या गेल्या. टाका किती ओढीला फाटतो, तंतू किती महिन्यांत ठिसूळ होतो, अस्तर काठापासून किती सेंटिमीटर आत सरकतं. हे प्रश्न विचारायला बुद्धीची झेप लागत नाही. चिकाटी लागते, आणि उत्तर आवडलं नाही तरी ते लिहून ठेवायची तयारी.

त्या काळातलंच दुसरं एक काम आहे, ज्याने मला या विषयात टिकवून ठेवलं. मिशिगन विद्यापीठात ग्लेन ग्रीन आणि स्कॉट हॉलिस्टर यांनी २०१२ मध्ये एका तान्ह्या बाळासाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिमरचं एक खाचा असलेलं आवरण थ्री-डी प्रिंटरवर छापलं. बाळाची एक श्वासवाहिनी श्वास सोडताना मिटत असे. ते आवरण त्यांनी नळीच्या आत घातलं नाही, बाहेरून बसवलं आणि नळीची भिंत त्याला टाक्यांनी अडकवून उघडी धरली. आतलं अस्तर, सिलिया, कफाची वाट, कशालाच हात लावला नाही. आवरण एका बाजूने उघडं होतं, म्हणजे बाळ वाढेल तसं तेही रुंदावेल. आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन साधारण तीन वर्षांत विरघळतं. मऊ नळ्या असलेल्या बहुतेक मुलांची कूर्चा दोन-तीन वर्षांची होईतो आपोआप कडक होते. पदार्थाची मुदत शरीराच्या मुदतीवरून ठरवली होती. इमारतीचा स्लॅब टाकल्यावर सेंटरिंग कधी काढायचं हे सिमेंट सांगतं, बल्ल्या सांगत नाहीत, तसंच हे.

उलट बाजूही पाहायला हवी. २०११ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चार मुलांच्या श्वासनलिकेत आतून पॉलिडायॉक्सेनोनचे विरघळणारे स्टेंट घातल्याचं प्रसिद्ध केलं. त्या चार मुलांना मिळून ११ स्टेंट लागले. स्टेंट विरघळला, पण आजार तिथेच होता, म्हणून पुन्हा घातला. मी हे अपयश म्हणणार नाही. धातू रुतून बसला असता त्यापेक्षा हे कितीतरी बरं, प्रत्येक वेळी मुलाला थोडा काळ मिळाला आणि मागे काही उरलं नाही. पण त्या मुलांच्या आईवडिलांचा विचार मनात येतोच. दर काही आठवड्यांनी त्यांना त्या श्वासाचा आवाज पुन्हा बारीक होताना ऐकावा लागला असेल. आत ओढताना येणारी ती शीळ. मी ती चाचणीसाठी ठेवलेल्या सशांच्या पिंजऱ्यापाशी ऐकली आहे, आणि एकदा ऐकली की ती इतर कुठल्याच आवाजात मिसळत नाही.

सशांबद्दल मी फारसं लिहीत नाही, पण त्यांना वगळून या कामाबद्दल लिहिणंही खरं नव्हे. बफरच्या बाटलीत पेशी नसतात, जंतू नसतात, खोकला नसतो. बाटलीत आम्ही द्रावण बदलत राहतो. शरीरात तुटलेल्या साखळ्यांचं आम्ल जाड भागात साचून राहतं आणि आतून आणखी वेगाने पोखरतं, त्यामुळे बाहेरून शाबूत दिसणारा तुकडा आतून पोकळ झालेला असू शकतो. हे सगळं जिवंत शरीराशिवाय कळत नाही. म्हणून आमच्या मेजावर जितकं कळू शकतं तितकं आधी मेजावरच कळून घ्यायचं, हे त्या प्राण्यांचं आमच्यावरचं ऋण आहे असं मी मानते. एखादा दोष बाटलीत सापडू शकत होता आणि तो सशात सापडला, तर तो ससा फुकट गेला.

विरघळलेलं जातं कुठे, हा प्रश्न मला एका रुग्णाच्या वडिलांनी विचारला होता. त्यांना वाटत होतं की बारीक तुकडे फुप्फुसात जाऊन बसतील, आणि ती भीती अगदीच निराधार नाही. सुटलेले तुकडे वाट अडवू शकतात, म्हणूनच ठिसूळ होण्याचा काळ आम्ही इतका जपून मोजतो. पण लॅक्टिक आम्लाच्या जातीचं पॉलिमर शेवटपर्यंत तुटलं की ते लॅक्टिक आम्लच होतं, जे आपण पळताना आपल्या स्नायूंतही तयार होतं. शरीर ते जाळतं, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो, आणि कार्बन डायऑक्साइड श्वासाबरोबर बाहेर पडतो. ज्या वाटेला आधार दिला त्याच वाटेने. हे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “म्हणजे माझी मुलगी तो श्वासातून सोडणार.” मी हो म्हणाले.

त्या तुटलेल्या पट्टीनंतर मी एक गोष्ट हट्टाने बदलून घेतली. उत्पादनांच्या माहितीपत्रकात विरघळण्याचा काळ म्हणून एकच आकडा छापलेला असतो. आमच्या अहवालात आता तीन वेगळे लिहितो: ताकद निम्म्यावर कधी आली, हाताळताना तुटण्याइतका ठिसूळपणा कधी आला, आणि वजन शून्याकडे कधी गेलं. दुसऱ्या आणि तिसऱ्यामधला काळ सगळ्यात धोक्याचा, आणि तोच कुठे लिहिलेला नसतो. शिवाय पट्ट्या आता स्थिर पाण्यात पडून नसतात. द्रावणातच एका छोट्या यंत्राने त्या श्वासाच्या लयीत ताणल्या आणि सोडल्या जातात, दिवसरात्र. सर्जन विचारतात, “किती दिवस टिकेल?” मी विचारते, “तुम्हाला किती दिवस आधार हवाय?” याचं उत्तर प्रत्येक मुलाचं वेगळं येतं, कुणाला सहा आठवडे पुरतात, कुणाला दोन वर्षं लागतात. म्हणून सध्या पॉलिडायॉक्सेनोन आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन एकाच नळीत, दोन सुयांतून एकाच वेळी कातून बघतोय: पहिला लवकर विरघळून पेशींना आत शिरायला जागा करेल आणि दुसरा तोवर नळी धरून ठेवेल, असा अंदाज आहे. वेगवेगळ्या प्रमाणातल्या नळ्या कापून पट्ट्या यंत्रावर चढवल्या आहेत. पहिल्या मुदतीच्या पट्ट्या येत्या आठवड्यात बाहेर काढायच्या आहेत, आणि या वेळी तराजूवर ठेवण्याआधी त्या ओढून बघायच्या असं ठरवलंय.